बाळाच्या विकासाचे टप्पे: घरी काय पाहायचं, कसं टिपायचं आणि डॉक्टरांना कधी विचारायचं

बाळ आधाराशिवाय चालायला कधी लागतं? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची नियमित पाहणी करून २००६ साली याचं उत्तर जाहीर केलं: ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात घरभर फिरत असेल आणि दुसरं दीड वर्षाचं व्हायला आलं तरी भिंत धरूनच चालत असेल, तर दोघंही ठीक असू शकतात. बिनआधार बसण्याचा काळही असाच ऐसपैस आहे, ३.८ ते ९.२ महिने.

निसर्गतःच इतका फरक असताना शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. पण याच आकड्यांना दुसरी बाजू आहे. या काळाला शेवटही आहे. अठरा महिने पूर्ण झाले आणि बाळाने एकही सुटं पाऊल टाकलं नाही, तर ‘टाकेल हळूहळू’ म्हणून थांबणं योग्य नाही. विनाकारण काळजी केली तर चार रात्रींची झोप जाते. कारण असूनही थांबलो तर उपचारांचे मोलाचे महिने जातात. या दोहोंपैकी दुसरं नुकसान कितीतरी मोठं, म्हणून हा लेख.

सुरुवात वय मोजण्यापासून

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर जन्मतारखेवरून काढलेलं वय टप्पे पाहण्यासाठी उपयोगाचं नाही. चाळीस आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वजा करा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलं. ते सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून साधारण चार महिन्यांच्या बाळाच्या गोष्टी अपेक्षित धरायच्या. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशोब ठेवतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. या दोन हिशोबांची सरमिसळ करू नका.

मग हातातल्या यादीकडे पाहा. टप्प्यांच्या याद्या सगळ्या एकाच मापाने केलेल्या नसतात. काही याद्यांत साधारण निम्मी बाळं जे करतात ते वय दिलेलं असतं. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था आणि तिथली बालरोगतज्ज्ञांची अकादमी यांनी २०२२ मध्ये आपली यादी बदलली आणि किमान ७५ टक्के बाळं जे करतात तेच त्या वयापुढे ठेवलं. निम्म्यांच्या यादीतली गोष्ट बाळाला जमत नसेल तर त्यात विशेष काही नाही. पाऊणशे टक्क्यांच्या यादीतली गोष्ट जमत नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावी. त्याच बदलात रांगणं यादीतून काढून टाकलं गेलं. काही बाळं पोटावर सरकतात, काही बसल्या बसल्या पुढे घसरतात आणि काही रांगण्याआधीच उभी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतही ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती. रांगलं नाही एवढ्यावरून घाबरू नका. एका जागेवरून दुसरीकडे जायची धडपड बाळ कुठल्या तरी रीतीने करतंय ना, हे पाहा.

निरीक्षण कसं करायचं

पोट भरलेलं, झोप झालेली आणि बाळ खुशीत असेल अशी वेळ निवडा. जमिनीवर जाडसर चादर पसरा, कपडे सैल ठेवा, पाय उघडे असू द्या. गादी फार मऊ असेल तर त्यावर चांगलं बळ असलेलं बाळही लडबडतं. त्याच्यासमोर दोन-तीन वस्तू ठेवा आणि थोडा वेळ काहीही न सांगता बसा. ‘हे कर, ते दाखव’ असा धोशा लावलात की बाळ एकतर रडतं किंवा तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. खेळता खेळता आपणहून जे होतं, तेच खरं.

लक्ष चार गोष्टींवर ठेवायचं: अंगाच्या मोठ्या हालचाली, हाताबोटांची कामं, ऐकणं-बोलणं आणि माणसांशी असलेलं नातं. घरात पहिल्या गोष्टीचंच कौतुक होतं, कारण ती दिसते. चौथी गोष्ट सर्वात कमी टिपली जाते. मला मात्र तीच सर्वात जास्त सांगणारी वाटते. चालायला उशीर होणारी पण आनंदाने डोळ्यांत बघणारी, हाक मारताच वळणारी, हातवारे करणारी पुष्कळ मुलं पुढे सहज चालू लागतात. वेळेवर चालणारं पण कुणाशीच काही वाटून न घेणारं मूल नजरेतून सुटून जातं.

दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे वापरले जातात का तेही बघा. पहिल्या वर्षात बाळ ठामपणे एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, तर त्याला ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लवकर हात ठरत नाही. दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे तपासून घ्यायला हवं.

समज तपासताना आपलीच फसगत होते. ‘चेंडू दे’ म्हणताना आपण चेंडूकडे बघतो आणि हात पुढे करतो. मूल शब्द न समजताही खुणेवरून बरोबर वागतं आणि ‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही’ असं घरात ठरून जातं. म्हणून कधीतरी हात मागे ठेवून, वस्तूकडे न पाहता, नुसत्या शब्दांत सांगून बघा.

वहीत तारीख घालून दोन नोंदी ठेवा: पहिल्यांदा कधी केलं आणि रोज कधीपासून करू लागलं. एकदा चुकून पालथं पडणं आणि मनात येईल तेव्हा वळणं यांत बराच फरक आहे. शंका वाटेल त्या गोष्टीचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर बाळ नेमकं तेच करत नाही, हा बहुतेकांचा अनुभव असतो.

पहिले सहा महिने

नवजात बाळाला सर्वात स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे साधारण अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तितक्या अंतरावरचं. म्हणून बोलायचं ते जवळ जाऊन. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास तुमच्याकडे पाहून येणारं हसू दिसू लागतं. झोपेतलं हसू यात धरायचं नाही. तुम्ही हसलात, बोललात आणि त्याला उत्तर म्हणून बाळ हसलं, तर ते पहिलं संभाषण. तीन महिन्यांपर्यंत हे दिसलं नाही तर विचारा.

मूठ हळूहळू उघडू लागते, हात तोंडात जातात, चेहऱ्यामागोमाग नजर फिरते. सुरुवातीला डोळे अधूनमधून तिरळे दिसले तर काळजी नको, पण चार महिन्यांनंतरही दिसत असतील किंवा एक डोळा कायमच वळलेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत किंवा फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत पांढरी झाक दिसली तर कुठल्याही वयात लगेच दाखवायचं, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही.

चार महिन्यांच्या आसपास बाळ मान धरतं. मांडीवर उभं धरलं की डोकं डुगडुगत नाही. सहा महिन्यांपर्यंत ते समोरच्या वस्तूकडे हात नेऊन ती पकडतं, तोंडात घालतं, पोटावरून पाठीवर वळतं, खिदळतं आणि तुमच्या आवाजाला आवाजाने उत्तर देतं.

या काळात करण्यासारखं मुख्य काम म्हणजे बाळाला जागेपणी पोटावर ठेवणं. झोपवायचं नेहमी पाठीवरच, कारण त्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो. पण बाळ दिवसभर पाठीवरच राहिलं तर मान आणि खांदे उचलण्याचा सराव होत नाही. घरी आल्यापासूनच दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं, तुम्ही शेजारी असताना पोटावर ठेवा आणि वेळ वाढवत न्या. रडलं तर तुम्ही आडवे पडा आणि त्याला छातीवर उपडं घ्या. तुमचा चेहरा बघायला ते मान उचलेल, आणि तोही सरावच आहे.

सात ते नऊ महिने: बसणं आणि ‘बाबाबाबा’

बसता आल्यावर दोन्ही हात मोकळे होतात आणि बाळ वस्तू या हातातून त्या हातात घेऊ लागतं. खाली पडलेल्या वस्तूकडे वाकून बघतं. अनोळखी माणूस दिसला की बावरतं. काल कुणाकडेही जाणारं बाळ आज रडतं म्हणून लाजू नका. आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी कळू लागली, ही प्रगतीच आहे. तोंडापुढे फडकं धरून ‘कुऽक’ केलं की ते खुलतं, कारण दिसेनाशी झालेली गोष्ट नाहीशी होत नाही हे त्याला आता उमगू लागलेलं असतं.

आवाजांकडे इथे विशेष कान द्या. सुरुवातीचे ‘आऽऽ’, ‘ऊऽऽ’ असे हुंकार ऐकू न येणारी बाळंही काढतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत सगळं ठीक वाटू शकतं. ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशा अक्षरांच्या माळा मात्र ऐकण्यातून पक्क्या होतात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत त्या आल्या नाहीत किंवा आधी काढलेले आवाज कमी होत गेले, तर श्रवण तपासणी करून घ्या, जन्माच्या वेळची तपासणी ठीक आली असली तरीही. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. टाळी वाजवून किंवा भांडं आपटून घरी खात्री करू नका. बाळ हवेचा झोत, कंप, हलणारी सावली यांनाही दचकतं, आणि मोठे आवाज ऐकणाऱ्या बाळाला बारीक आवाज ऐकू येत नसतील हेही शक्य आहे. जन्मतः बहिरेपणा असेल तर पहिल्या महिन्यापर्यंत चाळणी (म्हणजे सगळ्यांची करायची प्राथमिक तपासणी), तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा संकेत पाळला जातो. यावरून इथे वेळेला किती किंमत आहे ते कळेल.

नऊ ते अठरा महिने: बोट दाखवणं

या काळात सगळ्यांचे डोळे पायांकडे असतात. मी तुम्हाला बाळाच्या तर्जनीकडे बघायला सांगेन.

आधी चिमूट येते. अंगठा आणि तर्जनीत बारीक कण धरता येऊ लागला की जमिनीवरच्या गोळ्या, बटणं, नाणी आणि चपट्या बॅटऱ्या उचलून ठेवा. बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यायचं. मग येतात हातवारे: टाटा करणं, हात वर करून ‘घे’ म्हणणं, मान हलवून नकार देणं. आणि मग येतं बोट दाखवणं. ते दोन तऱ्हेचं असतं. एक मागण्यासाठी: ‘ते मला दे’. दुसरं दाखवण्यासाठी: आकाशातलं विमान बोटाने दाखवायचं आणि तुम्ही पाहिलंत का म्हणून तुमच्या तोंडाकडे वळायचं. या दुसऱ्यात बाळाला काहीच नको असतं. आपल्याला जे दिसलं ते तुम्हालाही दिसावं एवढीच त्याची ओढ असते. भाषा उभी राहते ती याच ओढीवर. दीड वर्षापर्यंत दाखवण्यासाठी बोट येत नसेल, तुम्ही दाखवलेल्या दिशेला मूल बघत नसेल, नावाने हाक मारली तरी वळत नसेल, तर शब्द किती येतात ते मोजत बसू नका, दाखवायला न्या.

पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण वर्षाच्या आगेमागे येतो. अठरा महिन्यांपर्यंत आई-बाबा सोडून निदान तीन शब्द बोलण्याचा प्रयत्न दिसावा. उच्चार स्वच्छ असण्याची गरज नाही. पाण्याला दरवेळी ‘मम्’ म्हणत असेल तर तो शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, त्यामुळे एक भाषा बंद करण्याचा सल्ला ऐकू नका.

चालण्याबद्दल थोडक्यात. १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा मुक्त खेळ मोजणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, २०१२ साली, तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ पडणं अशी नोंद झाली. चालणं शिकण्याची ही रीत आहे. मोकळी जमीन द्या, घरात अनवाणी ठेवा, टेबलांचे कोपरे झाका आणि पडलं की दरवेळी किंचाळू नका. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यावरून कोसळणं, गरम वस्तूपर्यंत हात पोचणं असे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

दीड ते तीन वर्षं

दोन वर्षांपर्यंत मूल दोन शब्द जोडतं: ‘बाबा गेला’, ‘अजून दे’. ही जोडणी त्याची स्वतःची हवी. ऐकलेलं वाक्य किंवा जाहिरात जशीच्या तशी म्हणून दाखवणं यात मोजायचं नाही. धावणं, चेंडूला लाथ मारणं, चमच्याने खाणं याच सुमारास येतं. अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द, दोन्ही पायांनी उडी आणि खोटं खोटं खेळणं: बाहुलीला भरवणं, ठोकळा कानाला लावून फोनवर बोलणं. एक वस्तू दुसरीच मानता येणं ही विचारांची मोठी झेप आहे, म्हणून या खेळाला वेळ द्या. बोबडेपणाचं माप असं: दोन वर्षांच्या मुलाचं परक्या माणसाला साधारण निम्मं बोलणं कळतं, तीन वर्षांच्याचं पाऊण. आई-वडिलांना कळतं ते धरायचं नाही, कारण त्यांना सवय असते.

‘मुलगे उशिराच बोलतात’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मुलग्यांचं बोलणं सरासरीने थोडं मागे असतं हे खरं, पण तो फरक लहान आहे. दोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडत नसेल तर त्याचं कारण तो मुलगा असण्यात शोधू नका.

रोज करण्यासारखं

महागडी खेळणी लागत नाहीत. बाळाने आवाज काढला, बघितलं, बोट दाखवलं की त्याला प्रतिसाद द्या, मग थांबा आणि त्याची पाळी येऊ द्या. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपण मोठी माणसं मधली शांतता लगेच भरून टाकतो. जेवताना, अंघोळीला, कपडे घालताना जे चाललंय तेच लहान वाक्यांत बोला.

पडदा हा याला पर्याय होत नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली गेली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होता तिथे बाळं त्या भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली. तीच सामग्री चित्रफितीवर पाहिलेल्या बाळांना ते आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवून ठेवू नये, त्यानंतर दिवसाला तासाहून जास्त नको, असं सांगितलं. दूर असलेल्या माणसाशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट, त्यात समोरून उत्तर येतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- कुठल्याही वयात आधी येत असलेली गोष्ट बंद होणं: शब्द, नजर, हसू, बसणं.
- अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटणं, तीन-चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्या राहणं.
- चार-पाच महिन्यांपर्यंत मान न धरणं, नऊ महिन्यांपर्यंत न बसणं, अठरा महिन्यांपर्यंत न चालणं.
- नऊ-दहा महिन्यांपर्यंत अक्षरांच्या माळा नसणं, बारा महिन्यांपर्यंत हातवारे नसणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, चोवीस महिन्यांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसणं.

एक लक्षण वेगळं सांगायला हवं. तीन ते बारा महिन्यांच्या बाळाला, बहुधा झोपेतून उठताना, मान आणि हात अचानक पुढे झटकल्यासारखे होतात, पुन्हा होतात, असे ओळीने अनेक झटके येतात. पोटात दुखत असेल किंवा दचकलं असेल असं वाटतं. ही आकडीची एक गंभीर जात असू शकते. उपचार जितके लवकर, तितका मेंदूचा बचाव. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.

डॉक्टरांशी बोलताना

‘बाळ जरा मागे वाटतं’ असं मोघम बोललात तर उत्तरही मोघम येतं. वही उघडा आणि नेमकं सांगा: ‘चौदा महिने पूर्ण झाले, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही, नावाने दहापैकी दोनदा वळतो.’ अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची अकादमी ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची ठरावीक प्रश्नावलीने चाळणी आणि १८ व २४ महिन्यांना स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी करायला सांगते. तुम्ही कुठेही असा, त्या वयांना ‘चाळणी करता येईल का?’ असं स्वतःहून विचारा. चाळणीत काही आढळलं म्हणजे निदान झालं असं नसतं. पुढची सविस्तर तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. बोलण्याची शंका असेल तर सर्वात आधी श्रवण तपासणी मागा. आणि आजाराचं नाव ठरेपर्यंत वाचा-उपचार किंवा व्यायाम-उपचार थांबवावे लागत नाहीत, ते लगेच सुरू करता येतात.

डॉक्टर म्हणाले ‘थोडं थांबून बघू’, तर ते बरोबरही असू शकतं. तेव्हा दोन प्रश्न विचारा: किती आठवडे थांबायचं, आणि तोवर काय दिसायला हवं? दोन्ही उत्तरं वहीत लिहा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच घेऊन निघा. त्या तारखेपर्यंत ठरलेला बदल दिसला नाही, किंवा उत्तरं मिळालीच नाहीत, तर विकासाच्या अडचणींवर काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या. जाताना तीच वही, तेच व्हिडिओ आणि जन्माच्या वेळची कागदपत्रं सोबत ठेवा.